बंद करून चालू करणं हा उपचार नव्हे

गेल्या पावसाळ्यात आमच्या मेडिसिन वॉर्डात बार्शीकडचे एक सत्तरीचे शेतकरी दाखल होते. पायांवर सूज, दोन पावलं टाकली की धाप, रात्री आडवं झालं की जीव घुसमटायचा म्हणून उशा लावून बसून राहायचे. हृदय थकलं होतं आणि शरीरात पाणी साठत होतं. त्यांचा मुलगा हिंजवडीत, राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवसा आई थांबायची, रात्री हा. वडिलांनी किती पाणी प्यायलं आणि किती लघवी झाली याचा तक्ता सिस्टरनी त्याच्या हाती दिला होता. इतका नेटका तक्ता मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

एका रात्री अडीचच्या सुमारास दुसऱ्या रुग्णासाठी वॉर्डात आलो, तर हा खाटेशेजारी जमिनीवर बसलेला, मांडीवर लॅपटॉप.

"या वेळी काय काम काढलंत?" मी विचारलं.

"काही नाही सर, सर्व्हर बंद करून चालू करतोय. रोज याच सुमारास करावा लागतो."

"रोज?"

"चार महिने झाले."

"पण कशामुळे?"

त्यानं वडिलांच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "हेच सर. आत जातं तेवढं बाहेर येत नाही."

या दुखण्याला त्याच्या धंद्यात 'मेमरी लीक' म्हणतात. नाव ऐकून मला आधी विस्मरण आठवलं, पण प्रकार नेमका उलटा आहे. इथं संगणक विसरत नाही. ज्या गोष्टीचं काम कधीच संपलं ती तो सोडत नाही.

हे समजून घ्यायला सरकारी रुग्णालयाचा वॉर्ड पुरेसा आहे. वॉर्डात खाटा ठरावीक असतात, तशी संगणकाची मेमरीही ठरावीक असते. एखाद्या प्रोग्रामला काम करायचं असलं की तो संगणकाकडे जागा मागतो, म्हणजे रुग्णासाठी खाट मागतो. काम झालं की जागा परत करायची असते. आता समजा, रुग्ण बरा होऊन घरी गेला, पण रजिस्टरमध्ये त्याच्या नावावर काट मारायची राहिली. खाट रिकामी आहे, कागदावर मात्र भरलेली. नवा रुग्ण आला तर ती त्याला मिळणार नाही. दिवसाला अशी एकच खाट अडकली तरी महिन्याभरात वॉर्ड रिकाम्या खाटांनी भरून जाईल.

पुढचं आम्हा सरकारी डॉक्टरांना नवं नाही. खाटा संपल्या की जमिनीवर गाद्या पडतात. संगणकही तेच करतो. मेमरी संपत आली की काही मजकूर तो डिस्कवर हलवतो, आणि डिस्क मेमरीपेक्षा खूपच मंद असल्यामुळे सगळं काम रेंगाळतं. तेही पुरेना झालं की तो एखादा प्रोग्राम सरळ बंद पाडतो. बंद पडलेला प्रोग्राम दोषीच असेल असंही नाही. प्रोग्राम पूर्ण बंद केला की त्यानं अडवलेली सगळी जागा संगणक परत घेतो, म्हणून बंद करून चालू केल्यावर यंत्र तरतरीत वाटतं. सगळा वॉर्ड रिकामा करून दारं पुन्हा उघडली तर तोही तरतरीत वाटेलच. रजिस्टर न खोडण्याची सवय मात्र तशीच राहते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की बंद करून चालू करणं हा लक्षणावरचा उपाय आहे. आपण त्याला बरं होणं समजतो, आणि जिथं रुग्णाचा जीव यंत्रावर अवलंबून आहे तिथं ही समजूत धोक्याची आहे.

याचा सर्वांत बोलका दाखला लंडनचा आहे. तिथल्या रुग्णवाहिका सेवेनं २६ ऑक्टोबर १९९२ रोजी नवी संगणकप्रणाली सुरू केली. फोन आला की कोणती गाडी कुठं पाठवायची हे संगणकानं ठरवायचं. पहिल्या दोन दिवसांतच गोंधळ उडाला आणि निम्मं काम पुन्हा हातानं सुरू झालं. ४ नोव्हेंबरच्या पहाटे दोननंतर प्रणाली मंदावली आणि मग पूर्ण गोठली. कर्मचाऱ्यांना अशा वेळी काय करायचं हे शिकवून ठेवलेलं होतं : आपापले संगणक बंद करून चालू करा. त्यांनी तसं केलं. उपयोग झाला नाही, कारण रोग त्यांच्या टेबलावर नव्हता, मुख्य सर्व्हरमध्ये होता. राखीव सर्व्हरनंही सूत्रं हाती घेतली नाहीत. शेवटी सगळे कागद-पेन्सिलीवर परतले.

१९९३ च्या फेब्रुवारीत चौकशी अहवाल आला. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका प्रोग्रामरनं काम करताना कोडचा एक तुकडा आत तसाच ठेवला होता. रुग्णवाहिका रवाना करण्याची प्रत्येक नोंद झाली की हा तुकडा सर्व्हरची जराशी मेमरी घ्यायचा आणि परत करायचा नाही. तीन आठवड्यांत थेंबाथेंबानं सगळी मेमरी संपली. साध्या चाचणीत हा दोष सापडला नसता, कारण दहा-वीस नोंदींना सगळं सुरळीत चालतं. तो दिसायला दिवस जावे लागतात.

हे दूरदेशीचं जुनं प्रकरण म्हणून सोडून देऊ नका. आपल्या राज्याची १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं नियंत्रण केंद्र पुण्यातच, औंधला उभं राहिलं. हिंजवडीपासून काही किलोमीटरवर. तिथं असा दोष आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण वॉर्डातला मॉनिटर, सलाईनचा पंप, रक्तपेढीची नोंद, केसपेपर, रुग्णवाहिका, या सगळ्यांत आता सॉफ्टवेअर आहे. ते महिनोन्‌महिने न थकता चालेल का, हा प्रश्न औषधाच्या शुद्धतेइतकाच आरोग्याचा आहे.

आता हा दोष होतो कसा? तरुण मित्रानं मला तीन वाटा सांगितल्या. तिन्ही मला वॉर्डात भेटतात.

पहिली, निव्वळ विसर. सी किंवा सी प्लस प्लससारख्या भाषांत घेतलेली जागा परत करण्याची जबाबदारी बरीचशी प्रोग्रामरची असते. तो विसरला की खाट अडकली.

दुसरी जास्त फसवी. जावा, पायथॉन अशा भाषांत सफाईचं काम भाषाच करते. एक मुकादम फेरी मारतो आणि ज्या खाटेवर कोणाचाच हक्क उरलेला नाही ती मोकळी करतो. त्यामुळे प्रोग्रामर निर्धास्त होतात. पण कुठल्याशा जुन्या यादीत त्या खाटेचा नंबर राहून गेला असेल, तर मुकादम तिला हात लावत नाही. त्याच्या लेखी तिथं अजून रुग्ण आहे. 'पुढेमागे लागेल' म्हणून साठवलेल्या आणि कधीच न छाटलेल्या याद्या हे या गळतीचं नेहमीचं कारण असतं.

तिसरी वाट संकटाच्या वेळची. रीतसर डिस्चार्जमध्ये कागद पुरे होतात. रुग्ण रात्री सल्ला न मानता निघून गेला, ज्याला आम्ही 'डामा' म्हणतो, तर कागद अर्धवट राहतात. सॉफ्टवेअरमध्येही सुरळीत रस्ता नीट तपासलेला असतो आणि काही बिघडलं तर काय, हा रस्ता कोणी चालून पाहिलेला नसतो. २२ ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेत ॲमेझॉनच्या सर्व्हर सेवेत असंच झालं. माहिती गोळा करणारा एक सर्व्हर बदलला होता, पण त्याचा नवा पत्ता सगळीकडे पोचला नाही. साठवणुकीच्या यंत्रांवरचा एक छोटा प्रोग्राम जुन्या पत्त्यावर पुनःपुन्हा हाक मारत राहिला, आणि प्रत्येक फसलेल्या हाकेसरशी थोडी मेमरी अडकत गेली. त्या यंत्रांवर विसंबलेल्या अनेक मोठ्या वेबसाइट त्या दिवशी कोलमडल्या.

हा दोष सुरक्षेचाही आहे. अमुक विनंती पाठवली की सर्व्हरची थोडी मेमरी गळते, हे एखाद्या वाईट हेतूच्या माणसाला कळलं, तर तो तीच विनंती लाखो वेळा पाठवेल. कुलूप तोडायला नको की पासवर्ड चोरायला नको. खोट्या रुग्णांनी वॉर्ड भरून टाकायचा, खरे रुग्ण दाराशी.

नावानं जवळचा, पण जातीनं वेगळा असा आणखी एक दोष आहे. त्यात मेमरीतली जागा अडकत नाही, मेमरीतला मजकूर बाहेर पडतो. ७ एप्रिल २०१४ रोजी उघड झालेला 'हार्टब्लीड' हा त्यातला गाजलेला. दोन संगणक एकमेकांना 'जिवंत आहेस ना?' असं विचारतात, त्याला हार्टबीट म्हणतात. विचारणारा एक शब्द पाठवतो आणि त्याची लांबी सांगतो, समोरचा तोच शब्द परत करतो. ओपनएसएसएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लांबी खरी आहे का, हे तपासलंच जात नव्हतं. एका अक्षराचा शब्द पाठवून 'हा चौसष्ट हजार अक्षरांचा आहे' असं सांगितलं, की सर्व्हर शेजारच्या मेमरीतलं बाकीचं सगळं वाचून दाखवायचा. त्यात पासवर्ड असत, गुप्त किल्ल्या असत. ही फट दोन वर्षं उघडी होती. रुग्णाचं नाव आणि आजार ज्या मेमरीतून जातात, तिथं ही फट म्हणजे केसपेपरांचा गठ्ठा रस्त्यावर ठेवण्यासारखं आहे.

आता माझ्याच घरातलं. वरच्या गोष्टीतल्या आजोबांची ती तिसरी भरती होती. आधीच्या दोन्ही वेळी लघवी वाढवणारं इंजेक्शन देऊन आम्ही सूज उतरवली, गोळ्या लिहिल्या आणि घरी पाठवलं. दुसऱ्या वेळच्या डिस्चार्ज कार्डावर सही माझीच होती. 'टू-डी इको करून घ्यावा' असा शेरा त्यावर होता. तो झाला की नाही हे कोणी पाहिलं नाही, मीही नाही. तिसऱ्या वेळी इको केला, तेव्हा महाधमनीची झडप आक्रसलेली निघाली. म्हणजे मी त्यांना बंद करून चालूच केलं होतं. मुलासमोर हे कबूल करताना मला बरं वाटलं नाही. पण त्याला ते लगेच समजलं.

त्याचा स्वतःचा रक्तदाबही मी त्याच आठवड्यात मोजला. वय एकतीस, दाब १५०/१००. चार महिने रोज रात्री अडीचला उठणाऱ्या माणसाचा आणखी किती असणार? त्याच्या वरिष्ठांचं म्हणणं असं, की रात्री एकदा बंद-चालू केल्यावर दिवसभर तक्रार येत नाही, मग दोष शोधण्यात दोन आठवडे कशाला घालवायचे? त्या दोन आठवड्यांची बचत या मुलाच्या झोपेतून चालली होती. हिंजवडीतून ओपीडीत येणाऱ्या तरुणांना मी 'झोप कशी आहे?' असं विचारायचो. आता 'रात्री फोन कशासाठी येतो?' हेही विचारतो.

आमच्या केसपेपरच्या खिडकीवरही हेच चाललं होतं. सोमवारी बाराच्या आत संगणक रांगत चालायचा, मग कारकून तो बंद करून चालू करायचे आणि रांग थांबायची. अशाच एका सोमवारी साखर तपासायला उपाशीपोटी आलेल्या एक आजी रांगेतच चक्कर येऊन खाली बसल्या. 'सिस्टीम स्लो आहे' हे वाक्य आम्ही सगळे पावसाच्या बातमीसारखं ऐकायचो. त्या मुलानं कारकुनांना एक वही करायला सांगितली : संगणक कधी बंद-चालू केला आणि तोवर किती केसपेपर निघाले होते, एवढंच लिहायचं. दोन आठवड्यांत चित्र दिसलं. सोमवारी दुखणं लवकर यायचं, शनिवारी उशिरा, पण केसपेपरांचा आकडा दर वेळी जवळपास तोच असायचा. दोष घड्याळाशी बांधलेला नव्हता, कामाशी होता. डॉक्टरला निदानाकडे न्यायला एवढी खूण पुरते, प्रोग्रामरलाही पुरली. वहीच्या पानांची झेरॉक्स पुरवठादाराकडे गेली. छापून झालेल्या प्रत्येक केसपेपरची प्रत मेमरीत तशीच राहत होती, असं त्यांना आढळलं.

हा दोष टाळण्याचे उपाय गूढ नाहीत. जो उघडेल त्यानंच बंद करायचं, हा पहिला नियम. सी प्लस प्लससारख्या भाषांत आज अशी सोय आहे, की वस्तूचं काम संपलं की जागा आपोआप परत जाते, प्रोग्रामरच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही. रस्ट ही भाषा तर प्रत्येक जागेचा मालक कोण, हे आधीच ठरवून घेते. तरीही कोणतीही भाषा या दोषापासून पूर्ण अभय देत नाही, कारण नको त्या याद्या माणूसच जपतो. म्हणून प्रत्येक साठ्याला कमाल मर्यादा हवी. व्हॅलग्राइंड किंवा लीकसॅनिटायझरसारखी साधनं न परत केलेली जागा शोधून दाखवतात आणि ती फुकट मिळतात. बाहेरून येणाऱ्या विनंत्यांवर मर्यादा हवी, म्हणजे एकाच माणसाला सगळ्या खाटा अडवता येणार नाहीत. बिघाडाचे रस्ते मुद्दाम चालून पाहायला हवेत : छपाई अडकवा, नेटवर्क तोडा, आणि मेमरी परत येते का ते पाहा.

सर्वांत महत्त्वाची ती दीर्घ चाचणी. सर्वांत गर्दीच्या दिवसाचा भार देऊन सॉफ्टवेअर अनेक दिवस अखंड चालवायचं आणि मेमरीचा आलेख काढायचा. कामाच्या चढउताराबरोबर आलेख वरखाली झाला तर तब्येत ठीक. जिना चढल्यासारखा वरच जात राहिला, तर आज सगळं चालत असलं तरी रोग आत आहे. हृदयाच्या रुग्णाला आम्ही रोज सकाळी वजन करायला सांगतो ते याचसाठी. सूज डोळ्यांना दिसण्याआधी काटा सांगतो.

काही जण म्हणतील, मेमरी स्वस्त झाली आहे, आणखी टाका. खाटा वाढवल्या तर वॉर्ड भरायला जास्त दिवस लागतील, पण भरेल. दुसरं म्हणणं असं, की ठरवून केलेलं बंद-चालू यात गैर काय? ते मला काही अंशी मान्य आहे. ज्याचं मूत्रपिंड सुधारणार नाही त्याला आम्हीही आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस करतो. पण तिथं रोगाचं नाव माहीत असतं, वेळापत्रक असतं, फाइल असते. कारण न शोधता, कुठंही न लिहिता, कोणीतरी बटण दाबत राहणं म्हणजे डायलिसिस नव्हे. ते ताप का आला हे न बघता रोज क्रोसिन देणं आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, प्रत्येक रुग्णालयात बंद-चालूची वही असावी, जशी फ्रीजच्या तापमानाची असते. दोन, सरकारी खरेदीच्या अटींत दीर्घ चाचणीचा आलेख मागावा, आणि देखभालीच्या करारात बंद करून चालू करणं हे 'दुरुस्ती' म्हणून धरू नये, 'बिघाड' म्हणून मोजावं. तीन, संगणक थांबला तर कागदावर काम कसं करायचं याची रंगीत तालीम वर्षातून दोनदा व्हावी. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले ते सायबर हल्ल्यामुळे, कारण वेगळं होतं. पण कागदावर परतावं लागलं ते जवळपास दोन आठवडे. कारण कोणतंही असो, रांगेतल्या रुग्णाला ते सारखंच.

आणि हिंजवडीतल्या व्यवस्थापकांना एक विनंती. तुमच्या संघातला कोण रोज रात्री उठतो, याची यादी काढा. ज्या कामासाठी तो उठतो तोच तुमच्या सॉफ्टवेअरचा आजार आहे. त्याला तो शोधायला दिवसाचा वेळ द्या.

आजोबांची झडप बदलली. ते बार्शीला परतले आहेत, रोज सकाळी वजन लिहितात. केसपेपरच्या खिडकीवर आता बारा वाजता कोणी बटण दाबत नाही, पण वही मी बंद करू दिलेली नाही. इंजिनिअर गेल्या महिन्यात रक्तदाब दाखवायला आला होता. दोष शोधायला त्याला शेवटी वेळ मिळाला, आणि नऊ दिवसांत तो सापडला. दाब अजून थोडा जास्तच आहे. त्याचं कारण आम्ही शोधतो आहोत.